‘तिनंच मारलं ना?’ : लेकरांना विचारण्याची गोष्ट

मागच्या भाषणात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाचा हिशोब कसा लिहायचा ते पाहिलं. आज वही बाजूला ठेवू. आज मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलणार आहे, आणि तीच चूक जगात शिकल्यासवरल्या माणसांनी कशी केली, त्यातून पुढे कायदा कसा बदलला, त्याचा इतिहास सांगणार आहे.

आमच्याकडे द्राक्षाच्या थिनिंगच्या दिवसांत बाया सकाळी सातलाच बागेत जातात. लहान लेकरं कुणाकडे ठेवायची हा दरवर्षीचा प्रश्न. म्हणून गावातल्या एका बाईनं हंगामापुरतं पाळणाघर सुरू केलं होतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी आमच्या गटातल्या एका सदस्येनं मला बोलावलं. तिच्या चार वर्षांच्या पोरीच्या दंडावर काळानिळा वळ होता. मी पोचले तेव्हा ओट्यावर आठ-दहा बाया जमल्या होत्या. मी गटाची समन्वयक, बीए झालेली, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी पोरीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, “पाळणाघरातल्या मावशीनं मारलं का गं?” पोरगी गप्प. मी म्हणाले, “घाबरू नको बाळा, तिनंच मारलं ना?” तिनं मान हलवली. मग कुणी विचारलं, “काठीनं का?” मान हलली. “रोज मारते?” मान हलली. “अंधारात कोंडते?” पुन्हा मान हलली. बायांचा संताप वाढत गेला. दोघीजणी तर निघाल्याच पाळणाघरवालीला जाब विचारायला.

कोपऱ्यात त्या पोरीची आजी बसली होती. ती दोन दिवस तापानं अंथरुणात होती. ती हळूच म्हणाली, “आणि गं बाई, मी पण होते ना तिथं?” पोरीनं आजीकडे बघितलं आणि मान हलवली.

ओटा एकदम शांत झाला. पण तोवर दोघी निघून गेल्या होत्या. त्या बाईला नको ते बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी पाळणाघर बंद. नंतर चौकशीला माणसं आली, त्यांनीही पोरीला विचारलं. तिनं एकदा हो म्हटलं, एकदा नाही म्हटलं, एकदा भलतंच नाव घेतलं. काहीच ठरलं नाही. ती बाई गाव सोडून माहेरी गेली. तो वळ कशाचा होता, हे आजपर्यंत कळलेलं नाही. तिनं मारलं असेल तर ती सुटली, आणि मारलं नसेल तर एका बाईचं पोट आम्ही बुडवलं. दोन्हीपैकी काय झालं ते कळायची वाट मीच माझ्या प्रश्नांनी बंद केली.

हे मनाला फार लागलं. त्यानंतर मी वाचायला लागले, आणि लक्षात आलं की हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

आपल्या देशात २०२४ पर्यंत लागू असलेला पुरावा कायदा १८७२ चा होता. त्याच्या कलम ११८ मध्ये तेव्हाच म्हटलं होतं की, लहान मूलही साक्ष देऊ शकतं, फक्त त्याला प्रश्न समजला पाहिजे आणि त्याला नीट उत्तर देता आलं पाहिजे. वयाची अट घातली नव्हती. म्हणजे मुलाचं ऐकायचं, हे कायद्यानं मानलं होतं. पण विचारायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचा विचार सुरू झाला युरोपात. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. मुलांची बुद्धी मोजायच्या चाचण्यांमुळे त्यांचं नाव पुढे जगभर झालं. त्यांनी १९०० साली एक पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की, प्रश्नातच उत्तर लपवलेलं असेल तर मूल तेच उत्तर देतं. १९११ साली बेल्जियममध्ये एका मुलीच्या खुनाच्या खटल्यात लहान मुलांच्या साक्षी होत्या. तेव्हा व्हारेनडोंक नावाच्या अभ्यासकानं शाळेत जाऊन एक साधा प्रयोग केला. सात वर्षांच्या १८ मुलांना त्यांनी विचारलं, तुमच्या अमुक गुरुजींच्या दाढीचा रंग कोणता? १६ मुलांनी रंग सांगितला. त्या गुरुजींना दाढीच नव्हती. दाढी नाही म्हणणारी मुलं फक्त दोन निघाली.

यात मुलं खोटारडी होती असं नाही. मोठ्या माणसानं दाढीचा रंग विचारला म्हणजे दाढी असणारच, असं मुलाला वाटतं. आपणच त्यांना शिकवतो ना, मोठ्यांना उलटून बोलू नये म्हणून? मग मोठ्यानं विचारल्यावर ते उलट कसं बोलणार?

या प्रयोगांतून त्या काळच्या लोकांनी मात्र चुकीचा धडा घेतला. मुलांवर विश्वासच ठेवू नये, असं पुष्कळांनी ठरवून टाकलं. पुढची साठ-सत्तर वर्षं मुलांनी सांगितलेलं ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारलं जाई. किती लेकरांनी मार आणि अत्याचार मुकाट सोसले असतील, त्याचा हिशोब कुठेच नाही. १९७० नंतर बायांच्या चळवळींनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे लोक म्हणायला लागले की मूल सांगतंय ते ऐका. हे चांगलंच झालं. पण ऐकायचं कसं, हे अजूनही कुणी शिकलं नव्हतं.

आणि मग आलं १९८३ साल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस जिल्ह्यात समुद्राकाठी मॅनहॅटन बीच नावाचं गाव आहे. तिथे मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. एक आजी, तिची मुलगी आणि नातवंडं मिळून ती चालवत. एका आईनं पोलिसांत तक्रार केली की, तिच्या मुलाशी तिथल्या तरुण शिक्षकानं वाईट वर्तन केलं. तक्रार आली म्हणजे तपास व्हायलाच हवा. पण तपास कसा केला ते ऐका.

८ सप्टेंबर १९८३ ला पोलीस प्रमुखांनी सुमारे २०० पालकांना पत्र पाठवलं. पत्रात त्या शिक्षकाचं नाव होतं, त्याच्यावरचा संशय होता, काय काय घडलं असू शकेल ते लिहिलं होतं, आणि तुमच्या मुलाला विचारा, असं सांगितलं होतं. आता विचार करा, असं पत्र हातात आलेली आई त्या रात्री लेकराला काय विचारेल? मी ओट्यावर जे विचारलं, तेच ना? फरक इतकाच की माझा ओटा एक होता, आणि तिथे २०० घरं होती.

मग मुलांना एका संस्थेत नेलं. सुमारे ४०० मुलांच्या मुलाखती झाल्या. विचारणाऱ्या बाया प्रेमळ होत्या, मुलांच्या कळवळ्यानंच काम करत होत्या. पण मुलाच्या हातात बाहुली देऊन त्या म्हणत, तुझ्या मित्रांनी आम्हाला सगळं सांगितलंय, आता तू सांग. मूल ‘हो’ म्हणालं की शाबासकी. ‘नाही’ म्हणालं की तू हुशार नाहीस का, असं विचारणं. तोच प्रश्न पुन्हा, पुन्हा, उत्तर बदलेपर्यंत. शेवटी संस्थेनं जाहीर केलं की, साडेतीनशेहून जास्त मुलांवर अत्याचार झाले.

हळूहळू मुलांच्या गोष्टी वाढायला लागल्या. शाळेखाली भुयारं आहेत, आम्हाला विमानातून नेलं, चेटकिणी उडताना पाहिल्या. सरकारी पक्षानं १९८५ मध्ये तज्ज्ञांकडून जमीन तपासून घेतली. भुयार सापडलं नाही. सात जणांवर आरोप ठेवले होते, त्यातल्या पाच जणांवरचे १९८६ च्या जानेवारीत मागे घेतले. उरलेल्या दोघांचा, म्हणजे त्या तरुण शिक्षकाचा आणि त्याच्या आईचा, खटला १९९० पर्यंत चालला. आई सगळ्या आरोपांतून सुटली. मुलगा बहुतेक आरोपांतून सुटला, उरलेल्या आरोपांवर पंचांचं एकमत झालं नाही, आणि त्याच वर्षी खटला संपवला गेला. तोवर तो पाच वर्षं तुरुंगात काढून बसला होता. सरकारचा खर्च झाला सुमारे दीड कोटी डॉलर, आणि शिक्षा एकालाही नाही.

पंच का पटले नाहीत? कारण मुलाखतींची चित्रफीत होती. पंचांनी ती पाहिली. काही पंच नंतर म्हणाले की, काही मुलांबाबत काहीतरी घडलं असावं असं आम्हाला वाटतं, पण मुलाचे शब्द कुठले आणि विचारणाऱ्याचे कुठले, हे त्या फितीवरून सांगता येत नाही. हे वाचलं आणि मला आमचा ओटा आठवला. ‘काठीनं का?’ हा शब्द पोरीचा नव्हता, आमचा होता. ‘अंधारात कोंडते’ हाही आमचाच.

२००५ साली त्या बालवाडीतला एक मुलगा, आता मोठा झालेला, वर्तमानपत्रातून बोलला. आपल्याशी कुणी काही केलं नव्हतं, मोठ्यांना जे ऐकायचं होतं ते आपण सांगितलं, असं त्यानं कबूल केलं. इतकी वर्षं त्या लेकरानं ते ओझं वाहिलं. म्हणजे चुकीच्या चौकशीनं नुकसान फक्त आरोपीचं होत नाही, लेकराचंही होतं.

१९९८ साली अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी याच मुलाखतींची पद्धत तपासून पाहिली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात एक पाहुणा गेला. त्यानं गोष्ट वाचून दाखवली, खाऊ दिला आणि निघून गेला. आठवड्यानंतर मुलांना विचारलं, त्यानं पुस्तक फाडलं का? खडू फेकून मारला का? असं काही घडलंच नव्हतं. एका गटाला नुसते सुचवणारे प्रश्न विचारले, तर शंभरातली साधारण १७ उत्तरं चुकली. दुसऱ्या गटाला तेच प्रश्न विचारले, पण सोबत ‘बाकीची मुलं हो म्हणाली’ असं सांगितलं, ‘हो’ला शाबासकी दिली आणि ‘नाही’ला तोंड पाडलं. तिथे शंभरातली ५८ चुकली. आणि हे सगळं पाच मिनिटांच्या आत.

इंग्लंडातही असंच काही घडलं. १९८७ मध्ये क्लीव्हलँड भागात काही महिन्यांत १२१ मुलांवर अत्याचार झाल्याचं डॉक्टरांनी ठरवलं आणि मुलांना घरातून उचलून नेलं. पुढे बहुतेक मुलं परत घरी आली. न्यायाधीश एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांनी चौकशी केली. त्यांचा अहवाल १९८८ मध्ये आला. त्यात त्यांनी बजावलं की, मूल हे माणूस आहे, नुसता काळजीचा विषय नाही. त्याला पुन्हा पुन्हा तपासू नका, पुन्हा पुन्हा विचारू नका, आणि आधीच मत बनवून त्याच्यासमोर बसू नका. त्यानंतर १९९२ मध्ये तिथे मुलांची मुलाखत कशी घ्यावी याचे नियम सरकारनं छापले, आणि मुलाचं पहिलं सांगणं चित्रफितीवर घेऊन तेच न्यायालयात दाखवायची सोय झाली.

एका देशानं मात्र हे फार आधी ओळखलं होतं. इस्रायलनं १९५५ सालीच कायदा करून ठरवलं की, अशा प्रकरणात १४ वर्षांखालच्या मुलाला साध्या पोलिसानं विचारायचं नाही, त्यासाठी शिकवून तयार केलेला खास माणूस हवा. पुढे मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी अमेरिकेत एक पद्धत बांधली, आणि ती आधी वापरून पाहिली ती याच इस्रायलमध्ये. ती पद्धत इतकी साधी आहे की आपल्यालाही कळेल.

आधी मुलाला सांगायचं, ‘तुला माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. माझं चुकलं तर मला सांग, चुकलं म्हणून.’ मग सराव म्हणून त्याच्या आवडीचं काही सांगायला लावायचं. गेल्या सणाला काय केलं, पहिल्यापासून सांग. मूल बोलतं व्हायला लागलं की मग विचारायचं, ‘आज तू इथं का आलीस, मला सगळं सांग.’ आणि गप्प बसायचं. थांबलं की, ‘मग काय झालं?’ एवढंच. जे नाव, जी वस्तू, जी जागा मुलानं घेतली नाही, ती आपण घ्यायची नाही. ‘हो-नाही’चे प्रश्न अगदी शेवटी, नाइलाज असेल तरच.

आता आपल्याकडे या. हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे मुलांचं खरं मानायचंच नाही का? तसं मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रातलाच दाखला आहे. मुंबईत कुलाब्याला आणि रायगडमध्ये मुरूडला रस्त्यावरच्या मुलांसाठी परदेशी माणसांनी चालवलेले निवारे होते. तिथल्या मुलांनी सांगितलं की, आम्हाला सांभाळणारेच आमच्यावर अत्याचार करतात. २००१ मध्ये प्रकरण बाहेर आलं. सत्र न्यायालयानं २००६ मध्ये शिक्षा दिली. २००८ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. शेवटी १८ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या मुलांची साक्ष विश्वासाची मानली आणि शिक्षा कायम केली. दहा वर्षं लागली, पण रस्त्यावरच्या, आईबाप जवळ नसलेल्या लेकरांचा शब्द देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयात टिकला. नीट ऐकलं तर मूल खरं सांगू शकतं.

त्याआधी २००४ मध्ये ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की, अत्याचाराच्या खटल्यात मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावा, आणि आरोपीच्या वकिलाचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्या, न्यायाधीश साध्या भाषेत विचारतील. मग आला पॉक्सो कायदा. तो २०१२ चा, आणि लागू झाला त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनाला.

या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येकीला पाठ हव्यात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा. शक्य तिथे महिला अधिकारी हवी, निदान फौजदार दर्जाची, आणि ती गणवेशात नको. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. जबाब घेताना आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे ते माणूस सोबत हवं. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. न्यायालयात वकिलानं थेट मुलावर प्रश्नांचा भडिमार करायचा नाही, आणि मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. मुलाचं नाव, घर, शाळा कुठेही छापायची नाही.

हा कायदा लैंगिक अत्याचारासाठी आहे. सांभाळणाऱ्या माणसानं मारलं, उपाशी ठेवलं, कोंडलं, तर त्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्यात मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसानं क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, तिच्याकडेही जाता येतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींची बातमी आली, तक्रार घ्यायला उशीर झाला म्हणून लोक रेल्वे रुळांवर बसले. त्या आठवड्यात आमच्या प्रत्येक गटाच्या बैठकीत बाया एकच विचारत होत्या, ताई, आपण आपल्या पोरींना विचारायचं तरी कसं? तेव्हा मी त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते.

लेकरू काही सांगायला लागलं तर हातातलं काम सोडा आणि ऐका. किंचाळू नका, रडू नका, शिव्या देऊ नका, कारण आईचा चेहरा बघून लेकरू गप्प होतं नाहीतर गोष्ट बदलतं. ‘मग काय झालं?’ याच्या पलीकडे विचारू नका. कुणाचं नाव तुम्ही घालू नका. मामी, काकू, शेजारीण सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावू नका. एकीनंच ऐकायचं, एकदाच. मग लेकराला सांगा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही.’ बास. दुसऱ्या खोलीत जा आणि लेकराचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, त्यानं ‘शू’ची जागा म्हटलं असेल तर तेच लिहा. तुम्ही काय विचारलं तेही लिहा. तारीख आणि वेळ घाला. गटाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिता येतं, मग हेही येईल.

आणि मग थांबू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, त्याला पैसे लागत नाहीत. पॉक्सोतल्या गुन्ह्याचा नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे तसं निघालं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. आपलं काम लेकराचे शब्द न सांडता पुढे पोचवायचं. घागर भरून डोक्यावर घेतली की आपण वाटेत कुणाला ती ढवळू देतो का?

आणि दोघी मिळून कुणाच्या दारात भांडायला जाऊ नका. ती दोषी असेल तर ती सावध होते, पुरावा जातो. दोषी नसेल तर आपल्यासारखीच एक बाई उघड्यावर पडते.

यंदा आमच्या गावात पुन्हा पाळणाघर सुरू झालंय, ग्रामसंघानं चालवलेलं. दोघी बाया सांभाळायला असतात, एकटी कुणी नसते. दाराशी एक वही आहे. लेकरू पडलं, खरचटलं, चावलं, जे काय होईल ते त्याच दिवशी त्यात लिहायचं आणि संध्याकाळी आईला दाखवायचं. तीन वर्षांपूर्वी ती वही असती, तर त्या वळाबद्दल निदान एक ओळ तरी सापडली असती.

ती पोरगी आता सात वर्षांची आहे, दुसरीत जाते. परवा तिनं मला हाक मारली आणि शाळेतल्या भांडणाची गोष्ट सांगायला लागली. मी मध्ये एकदाही बोलले नाही. फक्त म्हणाले, “मग काय झालं?” तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी हेही सांगितलं की पहिला धक्का तिनंच दिला होता.

पुढच्या बैठकीत तुम्हीही करून बघा. कुणाच्याही लेकराला जवळ घ्या, कालचा दिवस सांगायला लावा, आणि ‘मग काय झालं?’ यापुढे काही विचारू नका. वाटतं तितकं सोपं नाही ते.